जबलपूरचे दप्तर

जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी कडे, धुवांधारचा प्रपात आणि त्या कड्यांमधून शांतपणे वाहत जाणारी नर्मदा डोळ्यांपुढे उभी राहते. इतिहासाची आवड असणाऱ्याला गोंड राजांचा मदनमहाल आठवतो, राणी दुर्गावती आठवते. परंतु राज्यकारभाराच्या इतिहासात या नगरीला आणखी एक स्थान आहे आणि त्याचा उल्लेख क्वचितच होतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील एका कचेरीत माहिती गोळा करण्याची, ती पडताळून पाहण्याची आणि तिच्या आधाराने संबंध देशभर कारवाई करण्याची एक नवी पद्धत आकारास आली. त्या पद्धतीने प्रथम एक खाते निर्माण केले, मग कायदे बदलले आणि अखेरीस असंख्य माणसांची आयुष्येही बदलली. ही कचेरी म्हणजे ठगांच्या बंदोबस्ताची कचेरी होय.

ठगांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकल्या आहेत. रुमालाचा फास, काळोखी रात्र, देवीचा कौल या गोष्टींनी कादंबरीकारांना भरपूर सामग्री पुरविली. आज मला त्या कथा सांगावयाच्या नाहीत. कोणतीही संस्था, मग ते राज्य असो, सरकारी खाते असो वा व्यापारी पेढी असो, आपल्या दप्तराच्या डोळ्यांनीच जग पाहते. दप्तराची मांडणी बदलली की संस्थेची रचना बदलते आणि तिचे धोरणही बदलते. हा सिद्धांत जितका स्पष्टपणे जबलपूरच्या या प्रकरणात दिसतो, तितका तो अन्यत्र क्वचितच दिसेल.

प्रथम स्थळाचा विचार करू. मिर्झापुराकडून दक्षिणेत नागपुराकडे जाणारा जुना मार्ग जबलपुरावरून जातो. नर्मदेच्या खोऱ्यातून पश्चिमेस माळव्याकडे आणि उत्तरेस सागराकडे वाटा फुटतात. रजेवर घरी निघालेले शिपाई, काशीयात्रेचे यात्रेकरू, सावकारांचा खजिना घेऊन जाणारे जासूद आणि लहानमोठे व्यापारी अशा सर्वांचा या वाटांवर राबता असे. प्रवास महिनोन्महिने चाले. घरून निघालेला मनुष्य परत आला नाही, तर तो वाटेत आजारी पडला, नदीत बुडाला, वाघाने नेला की दूरदेशी स्थायिक झाला, हे कळण्यास काहीच साधन नव्हते. घरची माणसे वाट पाहत आणि काही वर्षांनी वाट पाहणे सोडून देत.

या मुलखावर इंग्रजांच्या आधी मराठ्यांचा अंमल होता. गोविंदपंत बुंदेल्यांनी सागर येथे पेशव्यांच्या कारभाराचे ठाणे बसविले. 1781 मध्ये सागरकर मराठ्यांनी गढामंडल्याचे राज्य जिंकले, 1798 मध्ये मंडला आणि नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि 1817 च्या अखेरीस जबलपूर इंग्रजांच्या हाती पडले. मराठ्यांचे दप्तर ही काही सामान्य वस्तू नव्हती. गावोगावचा ताळेबंद, कमाविसदाराची रोजकीर्द, जकातीचा हिशेब यांची पै न् पै त्यात नोंदलेली असे. दरबारोदरबारी नेमलेले वकील आणि अखबारनवीस आठवड्यामागून आठवडे बातमीपत्रे पाठवीत. कोणता सरदार कोणाशी खलबत करतो, कोणाच्या फौजेचा पगार थकला आहे, कोणत्या परगण्याचा वसूल तुटला आहे, हे पुण्यास आणि नागपुरास बसल्या जागी कळे. परंतु हे दप्तर दोन प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी रचलेले होते. पैसा किती आला, हा पहिला प्रश्न आणि राजकारण कोणत्या दिशेने चालले आहे, हा दुसरा. वाटेवरून नाहीसा झालेला अनामिक वाटसरू या दोन्ही प्रश्नांच्या बाहेर राहिला.

याचे एक बोलके उदाहरण आहे. चंबळेच्या काठी शिंद्यांच्या मुलखात ठगांच्या घरांवर पट्टी आकारली जात असे, असे पुढे प्रसिद्ध झालेल्या कागदांवरून दिसते. म्हणजे ठग दप्तरास अज्ञात होते असे नव्हे. दप्तराला ते करदाते म्हणून ठाऊक होते. पट्टी वेळेवर भरली जात होती, तोवर त्या घरांतील पुरुष दर वर्षी काही महिने कोठे जातात, हे विचारण्याचे रकान्याला कारण नव्हते.

कंपनी सरकार आले तेव्हा तरी ही स्थिती बदलली का? मुळीच नाही. विल्यम हेन्री स्लीमन हा बंगालच्या फौजेतील अधिकारी 1820 मध्ये सागर व नर्मदा प्रांताच्या मुलकी कारभारात आला आणि 1822 ते 1824 या काळात नरसिंगपूर जिल्हा त्याच्या ताब्यात होता. तो मोठा दक्ष अंमलदार होता. आपल्या जिल्ह्यातील साधी चोरीसुद्धा आपल्याला कळल्यावाचून राहत नाही आणि प्रत्येक चोराची आपल्याला ओळख आहे, अशी त्याची समजूत होती. पुढे काही वर्षांनी त्याला कळले की त्या काळात त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत, कंदेली गावात, ठगांची एक टोळी राहत होती. नरसिंगपुरापासून एका मजलेवर असलेली मंदेसूर गावाची आमराई ही तर ठगांची फार मोठी ‘बेल’, म्हणजे खुनासाठी आणि प्रेते पुरण्यासाठी निवडलेली जागा होती. त्या वेळी मला कोणी हे सांगितले असते, तर मी त्याला वेड्यात काढले असते, अशा अर्थाचे स्लीमनने स्वतःच लिहून ठेवले आहे.

दक्ष अधिकाऱ्याच्या उशाशी हे घडते आणि त्याला पत्ता लागत नाही, याचे कारण काय? ते कारण त्याच्या नोंदवहीच्या मांडणीत होते. जिल्ह्याची फौजदारी नोंदवही जिल्ह्यापुरती असते आणि तिची सुरुवात फिर्यादीपासून होते. ठगांचा बळी एका प्रांताचा, मारेकरी दुसऱ्या प्रांताचे आणि खुनाची जागा तिसऱ्या प्रांतात. बळीचे नातलग शेकडो कोसांवर, त्यांना मृत्यूची वार्ताच नाही, मग फिर्याद कोण देणार? प्रेत जमिनीत, साक्षीदार कोणी उरलेला नाही. टोळी आपल्या घराजवळ सहसा गुन्हा करीत नसे. त्यामुळे राहत्या गावी ठग हा शेतकरी किंवा शिपाईगडी म्हणूनच ओळखला जाई. एखादा पकडला गेलाच, तर पुराव्याअभावी सुटे किंवा भटक्या म्हणून जामीन घेऊन सोडला जाई. शेजारच्या जिल्ह्याच्या वहीत त्याचे नाव आहे की नाही, हे पाहण्याची सोयच नव्हती. गुन्हा रस्त्याच्या लांबीने चालत होता आणि दप्तर जिल्ह्याच्या चौकटीत बसले होते.

आश्चर्य असे की या काळात सावकारांची माहिती सरकारपेक्षा सरस होती. अमरावतीचे धनराज शेट यांच्यासारख्या पेढीवाल्यांचा खजिना ठगांच्या हाती पडला, तेव्हा त्यांच्या गुमास्त्यांनी स्वतःच माग काढण्याचा उद्योग केला. पेढीचे नुकसान कोणत्या रस्त्यावर झाले, त्या दिवसांत त्या रस्त्यावर कोण होते, चोरीचे धन कोठे वाटले गेले, याचा त्यांनी शोध घेतला. परंतु पेढीचा हेतू धन परत मिळविणे हा होता. धन मिळाले की तिची चौकशी संपे. म्हणजे एकच टोळी, पण शिंद्यांच्या दप्तरात ती करदाती, जिल्ह्याच्या वहीत ती अस्तित्वातच नाही आणि सावकाराच्या चोपडीत ती येणे रकमेची बाब. ज्याचे जसे प्रयोजन, तसे त्याचे दर्शन.

1828 मध्ये जबलपूर जिल्ह्याचा कारभार स्लीमनकडे आला. त्या काळी गव्हर्नर जनरलचे या प्रांतातील एजंट फ्रान्सिस कर्वेन स्मिथ हे होते आणि कलकत्त्यास लॉर्ड विल्यम बेंटिंक गव्हर्नर जनरल होते. 1829-30 च्या सुमारास काही टोळ्या हाती लागल्या आणि त्यांतील काही ठग जीवदानाच्या अटीवर बोलू लागले. फिरंगिया नावाचा प्रसिद्ध म्होरक्या असाच पकडला गेला आणि माफीचा साक्षीदार झाला. माफीची अट कडक होती. आपण पाहिलेला प्रत्येक खून सांगितला पाहिजे. एखादा लपविला असे नंतर आढळले तर माफी रद्द.

येथून दप्तराची नवी मांडणी सुरू झाली. प्रत्येक साक्षीदाराची जबानी स्वतंत्रपणे घेतली जाई. कोणत्या वर्षी टोळी कोणत्या वाटेने निघाली, तिच्यात कोण कोण होते, वाटसरूला बोलण्यात गुंतविणारा ‘सोठा’ कोण, फास टाकणारा ‘भुर्तोत’ कोण, खड्डा खणणारा ‘लुघा’ कोण, प्रेते कोठे पुरली आणि लूट कशी वाटली, हे सर्व लिहून घेत. मग दुसऱ्या ठिकाणी बंदीत असलेल्या, पहिल्याशी भेट न झालेल्या साक्षीदाराची जबानी तिच्याशी ताडून पाहत. जागा दाखविली तर तेथे खणून हाडे मिळतात का, हे पाहत. मग त्या सुमारास कोणी शिपाई वा व्यापारी बेपत्ता झाला होता का, याचा पत्रव्यवहाराने शोध घेत. नावागणिक नोंद, कुटुंबागणिक वंशावळ, मोहिमेगणिक यादी आणि रस्त्यागणिक बेलींचा नकाशा असे हे दप्तर वाढत गेले. ठगांच्या ‘रामासी’ नावाच्या गुप्त बोलीचा कोशही तयार झाला आणि तो 1836 मध्ये कलकत्त्यास ‘रामासीआना’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

या मांडणीतील मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. जुन्या वहीचा घटक ‘जिल्ह्यातील गुन्हा’ हा होता. नव्या वहीचा घटक ‘माणूस आणि त्याची टोळी’ हा झाला. घटक बदलताच, आजवर विखुरलेल्या आणि निरर्थक वाटणाऱ्या बातम्या एकमेकींना जोडल्या जाऊ लागल्या. माळव्यात नाहीसा झालेला शिपाई, खानदेशात विकलेला दागिना आणि बुंदेलखंडात पकडलेला संशयित हे एकाच पानावर आले.

आता संस्थेवर काय परिणाम झाला ते पाहा. असे दप्तर जिल्ह्याच्या कचेरीत मावणे शक्यच नव्हते. जानेवारी 1835 मध्ये स्लीमनला ठगांच्या बंदोबस्ताचा मुख्य अधीक्षक नेमण्यात आले आणि जबलपूर हे त्याचे मुख्य ठाणे झाले. ज्यांच्याकडे एक बिघाभर जमिनीचाही मुलकी कारभार नाही, असे त्याचे मदतनीस अधिकारी देशाच्या निरनिराळ्या भागांत बसले. साक्षीदारांना बरोबर घेऊन शिपायांच्या तुकड्या संस्थानी मुलखातही जाऊ लागल्या. 1839 मध्ये दरोडेखोरांचा बंदोबस्तही याच खात्याकडे आला. मुलूख नसलेले, केवळ माहितीवर उभे असलेले हे खाते कंपनीच्या कारभारात एक नवेच प्रकरण होते. प्रथम खाते स्थापन झाले आणि मग त्याने दप्तर उभारले, असे घडले नाही. दप्तर आधी वाढले आणि त्याने आपल्याला साजेसे खाते मागून घेतले.

त्याच दप्तराने आपल्याला साजेसा कायदाही मागून घेतला. 1836 च्या तिसाव्या कायद्याने असे ठरविले की ठगांच्या टोळीत कोणी कधीही, कंपनीच्या मुलखात वा बाहेर, सामील होता एवढे सिद्ध झाले की त्याला जन्मभर सक्तमजुरीची कैद द्यावी. पुढच्याच वर्षी अशा आरोपीची चौकशी कंपनीच्या कोणत्याही न्यायालयात चालविण्याची मोकळीक देण्यात आली. नव्या वहीचा घटक ‘टोळीतील माणूस’ हा होता. आता कायद्याचा घटकही तोच झाला. शिवाय राजकीय लाभ झाला तो निराळाच. ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद किंवा अयोध्या यांच्या मुलखात कंपनीचे अधिकारी ठगांच्या शोधासाठी शिरू शकत होते आणि त्यांना नाही म्हणणे कोणत्याही दरबाराला अवघड होते. रस्ते निर्भय करण्याचे कार्य आणि सार्वभौमत्वाचे धोरण ही एकाच दप्तराच्या आधाराने पुढे सरकली.

परिणाम मोठा झाला, हे नाकारता येत नाही. 1831 ते 1837 या काळात 3,266 ठगांचा निकाल लागला. त्यांपैकी 412 जणांना फाशी झाली, 483 जण माफीचे साक्षीदार झाले आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना काळे पाणी किंवा जन्मठेप झाली. रस्त्यावरची भीती ओसरली. आपल्या माणसाची आयुष्यभर वाट पाहणाऱ्या कित्येक घरांना निदान त्याचे काय झाले, एवढे तरी कळले. हे श्रेय त्या चिकाटीच्या नोंदीला दिलेच पाहिजे.

परंतु हाच आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचला पाहिजे. 483 साक्षीदारांच्या तोंडून हजारो माणसांची नावे वहीत चढली. ज्याला स्वतःचा जीव वाचवावयाचा आहे, त्याची स्मृती कितपत निःपक्षपाती असते? एका साक्षीदाराच्या जबानीला दुसऱ्या साक्षीदाराचा दुजोरा मिळाला की ती पक्की ठरे. पण दोघेही एकाच दप्तराच्या छायेत वर्षानुवर्षे राहत होते. 1836 च्या कायद्यात ‘ठग’ या शब्दाची व्याख्या दिलेली नव्हती. मग ठग कोण? तर दप्तरात ज्याचे नाव ठग म्हणून आहे तो! ज्या वहीने प्रश्न विचारावा, तीच उत्तर ठरवू लागली. ठगांचा देशव्यापी धार्मिक पंथ होता, या समजुतीविषयी नंतरच्या इतिहाससंशोधकांनी जी शंका घेतली आहे, ती याच कारणाने. त्यांच्या मते या मनुष्यवधामागे दारिद्र्य, मोडलेल्या फौजांतील बेकारी आणि स्थानिक जमीनदारांचा आश्रय ही कारणे फार मोठी होती. परंतु दप्तरात देवीच्या कौलासाठी रकाना होता, बेकारीसाठी नव्हता.

जबलपुरातच माफीच्या साक्षीदारांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी उद्योगशाळा उभारण्यात आली. तेथे तंबू आणि गालिचे विणले जात आणि त्या मालाला चांगले नावही मिळाले. या संस्थेत उदारता होती, यात संशय नाही. पण ती वस्ती भिंतीने बंदिस्त होती आणि बापाचे नाव वहीत, म्हणून मुलगाही त्या भिंतीच्या आतच वाढला. वंशावळ ही माग काढण्याची सोय म्हणून तयार झाली होती. ती हळूहळू आरोपपत्र बनली.

हा विचार तेथेच थांबला नाही. 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि काही जमातींतील माणसांची केवळ जन्मावरून नोंद करून त्यांच्या हालचालींवर हजेरी आणि परवान्याची बंधने घालण्यात आली. 1911 मध्ये या कायद्याची व्याप्ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढली. ठगी आणि दरोड्यांचे खाते 1904 मध्ये बंद होऊन त्याच्या जागी केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खाते आले. खात्याचे नाव गेले, पण माणसाला त्याच्या कुळावरून ओळखण्याची वहीची सवय राहिली. महाराष्ट्रातील पारधी, कैकाडी, उचल्या अशा जमातींनी ती सवय पिढ्यान्‌पिढ्या सोसली. स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला. तेव्हापासून या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या जातात. पण कायदा एका दिवसात रद्द होतो, वहीतील नाव मनातून जाण्यास फार काळ लागतो. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला 1988 चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ज्यांच्याविषयी इतरांनीच शंभर वर्षे लिहिले, त्यांनी स्वतःची नोंद स्वतःच्या हाताने केली, हा त्या ग्रंथाचा ऐतिहासिक अर्थ मला फार मोलाचा वाटतो.

माझा स्वतःचा दिवस सरकारी कागदांतच जातो, म्हणून या इतिहासाकडे मी काहीशा आपलेपणाने पाहतो. आता वहीच्या जागी संगणक आले आहेत. एका गावात झालेली नोंद क्षणार्धात देशाच्या दुसऱ्या टोकाला दिसते. बँका, विमा मंडळे, कारखाने आणि व्यापारी पेढ्या आपले गिऱ्हाईक कोण, माल कोठे खपतो, कर्ज कोणाला द्यावे, हे सारे अशाच नोंदींच्या आधाराने ठरवितात आणि त्या नोंदींना अनुसरून आपल्या शाखा, आपले विभाग आणि आपले नोकर यांची मांडणी करतात. साधन पालटले, तरी जबलपुरात दिसलेला नियम पालटलेला नाही. घटक कोणता धरावा, रकाने कोणते आखावेत, हा निर्णय वरकरणी कारकुनी वाटतो. प्रत्यक्षात संस्थेला काय दिसेल आणि काय दिसणार नाही, ती कोणाकडे हात करील आणि कोणाला विसरेल, हे तेथेच ठरते. म्हणून तो निर्णय कारकुनावर किंवा यंत्र विकणाऱ्यावर सोपवून संस्थेच्या प्रमुखाने मोकळे होऊ नये.

नरसिंगपूरची नोंदवही अपुरी होती, म्हणून कंदेलीतील मारेकरी सुखाने राहिले. जबलपूरची नोंदवही समर्थ होती, म्हणून रस्ते निर्भय झाले. पण तिच्यात नाव चढविण्याची व्यवस्था होती, तशी नाव कमी करण्याची नव्हती. ज्याच्याविषयी नोंद होते, त्याचे म्हणणे लिहिण्यास जागा नव्हती. आणि अमुक मुदतीनंतर ही नोंद पुन्हा तपासावी, असा नियमही नव्हता. चांगल्या दप्तराला या तिन्ही गोष्टी हव्यात. त्यांना फार खर्च लागत नाही. एखादा रकाना अधिक आखावा लागतो. परंतु तो रकाना नसेल, तर त्याची किंमत दप्तर ठेवणाऱ्याला मोजावी लागत नाही. ती मोजतात ज्यांची नावे त्यात लिहिलेली आहेत ते आणि त्यांची मुलेबाळे.